तेच बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं?

नवीन बेअरिंग टाकलं की आठ-दहा दिवस यंत्र सुतासारखं चालतं. मग बारीक गुणगुण सुरू होते, तिची खरखर होते, आणि एके दिवशी शाफ्ट बोटांनी हलवला की टकटक ऐकू येते. आपण जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचतो, तोच नंबर मागवतो, बसवतो. पुन्हा आठ-दहा दिवस.

माझ्या खोदकामाच्या छोट्या यंत्रात हे तीनदा झालं. स्पिंडलला पुढे-मागे दोन ६०८ झेडझेड (८ मिमी भोकाची, पत्र्याच्या झाकणांची बेअरिंगं), वर पट्टा, बाजूला मोटर, इतका साधा मामला. पहिल्या दोन वेळेला मी खुशाल मालाला नावं ठेवली. तिसऱ्यांदा एक गोष्ट खटकली: तिन्ही वेळा पुढचंच बेअरिंग गेलं होतं. मागचं पहिल्या दिवसापासून तेच होतं आणि ठणठणीत होतं. माल खराब असता तर कधीतरी मागचंही जायला हवं होतं.

म्हणून सांगतो, नवीन मागवण्याआधी मेलेलं बेअरिंग उघडून बघा. ते फेकण्याची घाई करू नका.

मेलेलं बेअरिंग वाचायचं कसं

रबरी सील असेल तर आतल्या रिंगच्या बाजूने सुईचं टोक घालून ते उचलता येतं. पत्र्याची झाकणं काही बेअरिंगांत बारीक तारेच्या रिंगने धरलेली असतात. ती तार एका टोकाने उपसली की झाकण सुटतं. काहींत झाकण दाबून बसवलेलं असतं, तिथे ते वाकवूनच काढावं लागतं. बेअरिंग मेलेलंच आहे, हळहळ नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, वाळू द्या आणि भिंग घेऊन खिडकीशी बसा. हवेच्या दाबाने गरगर फिरवून वाळवू नका. कोरडे छर्रे त्या वेगात एका मिनिटात ओरखडतात, आणि मग तुम्ही स्वतःच केलेलं नुकसान वाचत बसता.

रिंगच्या खोबणीत छर्रे जिथून धावले तिथे एक मंद पट्टा दिसतो. तो खोबणीच्या मधोमध आणि सारख्या रुंदीचा असेल तर भार बरोबर दिशेने येत होता. पट्टा एका काठाकडे चढलेला असेल तर शाफ्ट लांबीच्या दिशेने ढकलला जात होता. एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली असा तिरका असेल तर बेअरिंग वाकडं बसलंय, किंवा बेअरिंगं ज्यांत बसतात ती दोन घरं एका रेषेत नाहीत. निळी-तपकिरी झाक म्हणजे उष्णता. बाहेरच्या रिंगच्या पाठीवर किंवा आतल्या भोकात गुळगुळीत चकाकी किंवा तांबूस भुकटी दिसली, तर रिंग आपल्या जागेत घसरत फिरत होती.

माझ्या पुढच्या बेअरिंगमध्ये यातलं काहीच ठळक नव्हतं. पण आतल्या रिंगवर, खोबणीच्या एका काठाला, सारख्या अंतरावर सात पुसट खड्डे होते. ६०८ मध्ये छर्रेही सातच असतात.

असे खड्डे दोन कारणांनी पडतात आणि भिंगाखाली ते वेगळे ओळखू येतात. यंत्र बंद असताना शेजारच्या कंपनाने छर्रे जागच्या जागी घासत राहिले, तर खड्ड्याचा तळ झिजलेला असतो आणि बहुधा लालसर भुकटी असते. एकदाच जोरात दाब किंवा ठोका बसला असेल, तर पोलाद नुसतं दबलेलं असतं आणि कारखान्यात घासकामाने आलेल्या बारीक रेषा खड्ड्याच्या तळातही तशाच दिसतात. माझ्या खड्ड्यांत रेषा होत्या. म्हणजे बेअरिंग चालून चालून मेलं नव्हतं. मी ते बसवतानाच मारलं होतं.

बसवताना होणारी हत्या

मी काय करत होतो? शाफ्टवर बेअरिंग टेकवायचं, दुसऱ्या बाजूला लाकडाचा तुकडा ठेवायचा आणि व्हाइस आवळायचा. लाकूड टेकत होतं बाहेरच्या रिंगवर. घट्ट होती आतली रिंग. त्यामुळे सगळा जोर बाहेरच्या रिंगकडून छर्ऱ्यांमार्फत आतल्या रिंगवर जात होता.

हा जोर किती चालतो त्याचा अंदाज असू द्या. खोल खोबणीच्या छोट्या बेअरिंगला आडवा, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येणारा भार, त्याच्या स्थिर भारक्षमतेच्या पाव भागाहून जास्त देऊ नये असा सर्वसाधारण नियम आहे. ६०८ ची स्थिर क्षमता साधारण १,३७० न्यूटन. तिचा पाव भाग ३४० न्यूटन, म्हणजे सुमारे ३५ किलोचं वजन. व्हाइसचा दांडा जरासा फिरवला की याच्या कितीतरी पुढे जातो. ३ मिमी भोकाच्या ६२३ ची क्षमता तर २२० न्यूटनच्या आसपास. तिथे पाव भाग साडेपाच किलोच होतो, नुसत्या अंगठ्याच्या दाबात संपणारा. हातोडीचं नावच काढायला नको.

जी रिंग घट्ट बसणार आहे, तिच्यावरच दाब द्यायचा. शाफ्टवर घट्ट असेल तर आतल्या रिंगवर, घरात घट्ट असेल तर बाहेरच्या रिंगवर. दोन्हीकडे घट्ट असेल तर दोन्ही रिंगांवर एकाच वेळी टेकणारी सपाट चकती हवी. त्यासाठी खास अवजार लागत नाही. योग्य मापाचं सॉकेट, पाइपचा सरळ कापलेला तुकडा, किंवा जुन्या बेअरिंगची सुटी रिंग चालते.

याहून सोपी युक्ती म्हणजे तापमान. बेअरिंग ७०-८० अंशांपर्यंत गरम केलं आणि शाफ्ट नेहमीच्या तापमानाला ठेवला, तर ५०-६० अंशांचा फरक मिळतो. ८ मिमी व्यासाला तेवढ्याने ५-६ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) सवलत मिळते. ऐकायला किरकोळ वाटते, पण या मापात घट्ट आणि सैल यांतला फरकच तेवढा असतो. माझ्या मते त्यापुढे तापवू नये: छर्रे वेगळे ठेवणारा नायलॉनचा पिंजरा असतो, रबरी सील असतं, ग्रीस असतं. उघडी ज्योत तर मुळीच नाही.

काढतानाही हेच गणित. घट्ट बसलेलं बेअरिंग बाहेरच्या रिंगला पुलर लावून ओढलं, की ते गेलं असं समजा. परत वापरू नका, हाताला कितीही छान फिरो.

शाफ्ट मोजला, पण कशाने?

दाबण्याची चूक सापडली, तरी एक प्रश्न उरला. पुढचं बेअरिंग इतकं जोर लावून बसवावं का लागत होतं? मागचं तर हाताने सरकत होतं.

व्हर्नियर दोन्हीकडे ८.०० दाखवत होता. डिजिटल व्हर्नियरच्या पडद्यावर ०.०१ दिसतं म्हणून तो शंभरावा भाग खरा असतो असं नाही, दोन-तीन शतांश इकडेतिकडे होणं त्याला सहज जमतं. मायक्रोमीटर लावला तेव्हा मागची जागा ७.९९६ निघाली आणि पुढची ८.०१२.

आता बेअरिंगच्या बाजूने बघा. साध्या अचूकतेच्या ६०८ चं भोक ८.००० ते ७.९९२ या दरम्यान असतं, नाममात्र मापापेक्षा मोठं कधीच नसतं. म्हणजे माझी पुढची बैठक १२ ते २० मायक्रॉनने घट्ट होती. घट्टपणाचा साधारण ७०-८० टक्के भाग आतली रिंग फुगण्यात जातो आणि तितकी छर्ऱ्यांसाठी ठेवलेली मोकळीक कमी होते. या मापाच्या बेअरिंगात सर्वसाधारण मोकळीक २ ते १३ मायक्रॉन असते. वजाबाकी केली की उत्तर बहुतेक वेळा शून्याच्या आसपास किंवा शून्याखाली येतं. छर्रे दोन रिंगांमध्ये चेपून चालत होते, त्यात बसवतानाचे सात खड्डे. आठ-दहा दिवस तरी टिकलं हेच नवल.

इथे अनेक जण सी३ मागवतात. सी३ म्हणजे जास्त मोकळीक, या मापात ८ ते २३ मायक्रॉन. शाफ्ट घासणं शक्यच नसेल किंवा यंत्र बरंच तापत असेल, तर तो उपाय ठीक आहे. पण मिनिएचर बेअरिंगांत एमसी नावाची वेगळी मोजपट्टी चालते आणि तिथे एमसी३ ही *नेहमीची* मोकळीक आहे, ५ ते १० मायक्रॉन. सी३ हवं असताना एमसी३ हाती आलं, किंवा एमसी३ बघून 'हे सैल असणार' म्हणून नाकारलं, असे दोन्ही गोंधळ होतात.

मी शाफ्टच घासला. लेथवर हळू फिरवत, १,००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून, दर काही फेऱ्यांनी थांबून, थंड होऊ देऊन मोजत. ७.९९८ ला थांबलो. पाऊण तास लागला, त्यातला बहुतेक वेळ मोजण्यात गेला.

थ्रीडी प्रिंट केलेल्या घरात उलटी अडचण येते. छापलेलं भोक कधीच पुरतं गोल नसतं. बेअरिंग दाबून बसवलं की पातळ बाहेरची रिंग त्या वाकड्या आकारात जाते आणि फिरवताना ठरावीक जागी अडकल्यासारखं वाटतं. भोक थोडं मोठं ठेवून आत तीन-चार बारीक उभ्या धारा दिल्या, तर दाब त्या धारा सोसतात. सैल झालेल्या धातूच्या घरासाठी रिंग पकडणारा चिकटद्रव मिळतो, पण मध्यम ताकदीचा घ्या. जास्त ताकदीचा लावलात तर पुढच्या वेळी घर तापवल्याशिवाय बेअरिंग निघत नाही. आणि चिकटद्रव झाकणाच्या फटीतून आत गेला, तर सगळंच मुसळ केरात.

नंबर बरोबर, बेअरिंग चूक

नंबर वाचायला अवघड नाही. ६२३, ६२४, ६२५, ६२६ यांत शेवटचा अंक म्हणजे भोक मिलिमीटरमध्ये. ६८८, ६९८, ६०८, ६२८ या चौघांचं भोक ८ च, बाहेरचा व्यास मात्र १६, १९, २२, २४ असा वाढत जातो. एमआर१०५ मध्ये १० बाहेरचा आणि ५ आतला. पण दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिलं, रुंदी. मिनिएचर बेअरिंगांत उघडं आणि झाकणवालं यांची रुंदी बऱ्याचदा वेगळी असते. ६८५ उघडं ३ मिमीचं, झाकणवालं ५ मिमीचं. ६८३ चं २ आणि ३, एमआर१०५ चं ३ आणि ४. ६०८ मध्ये असा फरक नसल्यामुळे, आधी फक्त तेच वापरलेला माणूस इथे फसतो. जागा ३ मिमीची आणि आलं ५ चं, की सर्क्लिप (बेअरिंग जागेत अडकवणारी रिंग) बसत नाही. उलट झालं तर बेअरिंग जागेत पुढेमागे हिंडतं.

दुसरं, इंच. छोट्या ब्रशलेस मोटरींचा शाफ्ट 'तीनचा' म्हणतात, तो कित्येकदा ३.१७५ मिमी असतो, म्हणजे इंचाचा आठवा भाग. ३ मिमी भोक त्यावर चढणार नाही, हे निदान लगेच कळतं. धोका उलट बाजूने आहे: ३ मिमीच्या शाफ्टवर ३.१७५ चं बेअरिंग सरकतं, सैल वाटतं, आणि 'चालेल' म्हणून राहून जातं. आर१८८ चं भोक ६.३५, त्याला ६ मिमीचा शाफ्ट जोडू नका. आर३ चं ४.७६ आहे, ते ५ च्या शाफ्टवर पॉलिश करून चढवायच्या फंदात पडू नका.

नंबरामागची शेपटीही वाचा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, आतल्या रिंगला न टेकणारी. २आरएस म्हणजे टेकणारं रबरी सील. धूळ, लाकडाचा भुसा, पाण्याचे शिंतोडे असतील तर मी बिनदिक्कत रबरी घेतो. पण रबर घासतं, तापतं, आणि लहान मोटरीची थोडी ताकदही खातं. एका नामांकित तक्त्यात ६०८ च्या पत्र्याच्या झाकणवाल्याची वेगमर्यादा मिनिटाला सुमारे ३८,००० फेरे आहे, टेकणाऱ्या सीलवाल्याची २२,०००. आता २,३०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला २,३०० फेरे मारणारी) मोटर पूर्ण चार्ज झालेल्या चार सेलच्या बॅटरीवर, म्हणजे १६.८ व्होल्टवर, भाराविना मिनिटाला साधारण ३८,६०० फेरे मारते. तिथे टेकणारं सील घातलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. न टेकणारं रबरी सीलही मिळतं. मधला मार्ग म्हणून ते चांगलं, फक्त प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी असतात, तेव्हा तक्ता उघडून बघा.

एबीईसीचा आकडा बघून भुलू नका. ती मापाची आणि फिरण्याची अचूकता आहे. ग्रीस कोणतं, मोकळीक किती, आवाज किती, भार किती, यांतलं काहीच तो आकडा सांगत नाही. सिरॅमिक छर्ऱ्यांचं वजन पोलादाच्या ४० टक्के असतं, त्यामुळे फार वेगात त्यांचा उपयोग आहे, पण ८.०१२ च्या शाफ्टवर तेही मेलं असतं. स्टेनलेस गंजाला बरं, पण भार थोडा कमी उचलतं.

वॉशर, पट्टा आणि स्क्रू

पट्ट्याच्या फिरत्या पुलीत बेअरिंग जात असेल, तर आधी वॉशर तपासा. ६२३ ची आतली रिंग बाहेरून साधारण ५ मिमीची, आणि एम३ चा नेहमीचा वॉशर ७ मिमीचा. स्क्रू आवळला की वॉशर झाकणावर टेकतो, झाकण आत दबतं आणि घासायला लागतं. लोक म्हणतात, 'स्क्रू सैल केला की छान फिरतं', आणि सैलच ठेवतात. तिथे फक्त आतल्या रिंगवर टेकणारी लहान शिम, म्हणजे पातळ चकती, हवी, मग स्क्रू खुशाल आवळा. पुलीत फिरते बाहेरची रिंग, म्हणून पुलीत बेअरिंग घट्ट आणि बोल्टवर जरा सैल चालतं. मोटरीत याच्या उलट. ८ च्या भोकात एम८ बोल्टचा आट्यांचा भाग घालू नका, बिनआट्यांचा भाग येईल असा लांब बोल्ट घ्या.

पट्टा किती ताणायचा, यावर वाद घालणारे खूप भेटतील. मी एवढंच बघतो की सुरू होताना तो घसरत नाही ना. त्यापुढचा ताण सगळा बेअरिंगच्या माथी. बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातं: भार दुप्पट केला की आयुष्य आठव्या भागावर.

लीडस्क्रूच्या (फिरून यंत्राचा भाग सरकवणाऱ्या लांब स्क्रूच्या) टोकाला ६०८ लावून त्यावर सगळा आडवा रेटा टाकणं ही घरगुती यंत्रांतली जुनी खोड. हलक्या प्रिंटरमध्ये ते निभावतं. ड्रिलसारखा दाब येणाऱ्या यंत्रात तिथे असा आडवा रेटा झेलणारं थ्रस्ट बेअरिंग किंवा कोनी-संपर्काच्या बेअरिंगांची जोडी हवी.

हाताने फिरवून बघण्याबद्दल

'बोटाने फिरवलं, मिनिटभर फिरत राहिलं, म्हणजे भारी.' ही परीक्षा मी मानत नाही. नवं, नीट ग्रीस भरलेलं बेअरिंग जेमतेम थोडं फिरून थांबतं, आणि ते बरोबर आहे. मिनिटभर फिरणाऱ्यात बहुधा ग्रीस नसतं, पातळ तेलाचा थेंब असतो. मी बाहेरची रिंग दोन बोटांत धरून, किंचित आडवा दाब देऊन, अगदी हळू फिरवतो. बारीक खडबड असेल तर नखाला कळते.

आवाज आला की पातळ स्प्रे तेल मारण्याची सवय सोडा. आवाज दोन दिवस थांबतो, पण स्प्रेने उरलेलं ग्रीस पातळ होऊन बाहेर वाहतं. ग्रीस पुन्हा भरायचंच असेल, तर आतल्या मोकळ्या जागेच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढं पुरे. ठासून भरलं की छर्रे ते घुसळत बसतात आणि बेअरिंग तापतं.

मोटर रिकामी चालताना शिट्टीसारखा आवाज आणि भार दिल्यावर शांत, असं असेल तर बेअरिंग बहुधा चांगलं असतं. छर्ऱ्यांवर थोडा आडवा दाब नसल्यामुळे ते खुळखुळतात. मागच्या बेअरिंगच्या पाठीशी लाटदार वॉशर घातला की आवाज जातो. जुनी मोटर उघडताना तळाशी हा पातळ वाकडा वॉशर पडतो आणि 'वाकलाय' म्हणून कचऱ्यात जातो. तो वाकडाच असतो. त्याच्यासाठीच एक बेअरिंग घरात सरकतं ठेवायचं असतं. दोन्ही बेअरिंगं दोन्हीकडून जखडली तर शाफ्टला वाढायला जागा राहत नाही: ६० मिमीचं अंतर ४० अंश तापलं की पोलाद जवळजवळ ०.०३ मिमी लांबतं.

माझ्या स्पिंडलमध्येही मागचं बेअरिंग बाहेरून झाकणाच्या स्क्रूंनी आवळलेलं होतं. तिथे पातळ शिम काढून लाटदार वॉशर घातला. पुढचं नवं ६०८, तेच साधं झेडझेड, गरम करून ७.९९८ च्या शाफ्टवर सरकवलं. शेवटचा मिलिमीटर सॉकेटने, आतल्या रिंगवर दाबून. अर्धा तास चालवून घराला हात लावला, कोमट होतं, हात धरून ठेवता येत होता. यापूर्वी तीन मिनिटांत चटका बसायचा.

चौथ्या आठवड्यात पुन्हा बारीक टकटक ऐकू आली आणि पोटात गोळा आला. सगळं उघडलं. बेअरिंग मऊ होतं. पुलीला शाफ्टवर पकडणारा ग्रब स्क्रू सैल झाला होता.